तुम्ही विचारलंत म्हणून: पोफळी पुन्हा का लावल्या?

श्रीवर्धन-दिवेआगरकडे फिरायला आलेली माणसं आमच्या पोफळींच्या, म्हणजे सुपारीच्या झाडांच्या, वाडीत डोकावतात आणि थोड्या वेळाने विचारतातच, "एवढं सगळं आडवं झालं, मग पुन्हा लावायची उमेद कुठून आणलीत?" प्रश्न वाडीचा असतो. पण कधीकधी आवाजावरून कळतं की विचारणाऱ्याचंही काहीतरी नुकतंच मोडलंय. म्हणून हा प्रश्न मी कधी उडवून लावत नाही.

3 जून 2020 ला भर दुपारी निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर धडकलं. ताशी 110-120 किलोमीटरचा वारा. आंबा मोडला तर उरलेल्या खोडाला धुमारे फुटतात. पोफळीचं तसं नाही. तिला फांदी नाही, वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यात. शेंडा गेला की झाड गेलं. आमची वाडी इतकी दाट होती की एका पोफळीवर चढलेला गडी खाली न उतरता झोका घेऊन दुसरीवर जायचा. त्या संध्याकाळी घराच्या पडवीतून समुद्र दिसला. जन्मात कधी दिसला नव्हता.

भरपाई आधी हेक्टरी 50,000 रुपये जाहीर झाली. आमच्या जमिनी गुंठ्यांत मोजायच्या, म्हणजे गुंठ्याला 500. झाडामागे मदत देण्याचा निर्णय पुढे झाला.

त्या दिवसांत मला उमेद नव्हती, अजिबात नव्हती. "होईल सगळं नीट" म्हणणाऱ्यांचे फोन मी घेत नसे. करवती घेऊन आलेली माणसं मात्र आजही एकेक आठवतात. ती धीराचं काही बोलली नाहीत. एकमेकांत अडकलेली खोडं कापली, विहिरीकडची वाट मोकळी केली, चहा घेतला आणि गेली. विहिरीपर्यंत चालत जाता येऊ लागलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की इथे काहीतरी करता येईल.

बियाणं धरलं ते हिने. हिवाळ्यात, उभ्या राहिलेल्या मोजक्या म्हाताऱ्या पोफळींची पूर्ण पिकलेली फळं निवडली आणि देठाकडची बाजू वर ठेवून वाफ्यात पुरली. कोंब दिसायला दीड-दोन महिने लागतात. मी त्या वाफ्याकडे फिरकतही नव्हतो. पाणी तीच घालायची. आणि मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं. वाफ्यावरचा मांडव उडाला, एक माड रोपांवरच पडला. त्या रात्री मी तिला म्हटलं, आता पुरे. ती म्हणाली, "कडेची वाचलीत. सकाळी सावली करायला हवी, नाहीतर उन्हाने जातील."

सकाळी सावली मी केली. माझी उमेद तिथून धरली गेली, असं मी मानतो. मनात काही उजळलं नव्हतं. रोपांना ऊन लागत होतं आणि झापं, माडाच्या विणलेल्या झावळ्या, माझ्या हातात होती.

पुढचा सगळा काळ वाट पाहण्याचा, पण वाडीत वाट पाहणं एकसारखं नसतं. सावलीसाठी लावलेली केळ वर्षभरात घड देते. मिरीचा वेल तिसऱ्या वर्षी धरू लागतो. पोफळ पाच ते सात वर्षं घेते. ती लहान असताना पश्चिमेचं ऊन खोडाला लागलं तर खोड भाजून चिरतं आणि तीच चीर पुढे वाऱ्यात मोडते, म्हणून त्या अंगाला केळी राखाव्याच लागतात. नुसत्या पोफळीकडे बघत बसलो असतो तर मी तग धरला नसता. केळीने मला पोफळीपर्यंत आणलंय.

सगळ्यांनी पुन्हा लावलं नाही. कोणी जागा विकली, कोणी मुलाकडे मुंबईला गेलं. त्यांनी आशा सोडली असं कोणी म्हणालं की मला सहन होत नाही. सत्तरीत गेलेल्या माणसाने सात वर्षांचा हिशेब कसा मांडायचा?

माझ्या नव्या पोफळींना अजून सुपारी आलेली नाही. वादळ पुन्हा येईल का? येईल. तरी बियाण्याचा वाफा आम्ही दरवर्षी करतो, लागतील त्याहून जास्त रोपांचा. मुंबईला गेलेल्या एका शेजाऱ्याने परवाच फोन करून थोडी रोपं बाजूला ठेवायला सांगितली. किती, ते त्याने अजून ठरवलेलं नाही.