ओलं पोतं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी अधिपरिचारिका आहे आणि अनेक वर्षांपासून कविता लिहिते. या दोन गोष्टी मी कटाक्षाने वेगळ्या ठेवत असे, कारण एका वरिष्ठ सिस्टरांनी माझ्या खिशातली छोटी वही पाहून, ‘ड्यूटीत कवितेला वेळ कसा मिळतो?’ असे विचारले होते आणि मला उत्तर सुचले नव्हते. वेळ मिळत नाहीच. ओळ मात्र येते, आणि तीही बहुधा सलाईन लावताना, दोन्ही हात गुंतलेले असताना.

जुलैतल्या एका पहाटे निंदणाला जाणारी चाळिशीतली बाई पोटात दुखते म्हणून आली. पावसाळ्यात असे रुग्ण रोजचेच. केसपेपरवर ‘पोटदुखी, उलटी २ वेळा’ असे लिहून मी डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी सांगितलेले इंजेक्शन भरू लागले, तेवढ्यात ती पडल्या पडल्या म्हणाली, “डोयायवर कोनं ओलं पोतं ठेवल्यावानी वाटते, बाई.”

खरे सांगायचे तर मला आधी त्या शब्दांचाच मोह झाला. ओळ निसटू नये म्हणून मी वही काढली, वाक्य जसेच्या तसे उतरवले आणि ‘पोतं’ लिहून वर पाहिले, तेव्हा तिच्या दोन्ही पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या दिसल्या. वर बघा म्हटले, तर ती कपाळाला आठ्या घालून भुवया उचलत होती. पापण्या हलत नव्हत्या. मला सर्पदंशाची शंका आली. रात्री ती सतरंजीवर, जमिनीवरच निजली होती. अंगावर दंशाची खूण नव्हती, सूज नव्हती. पण मण्यार हा साप चावल्यावर पुष्कळदा अशी खूण नसतेच, आणि झोपेतल्या माणसाला चावल्याचे कळतही नाही.

डॉक्टर धावत आले. परीक्षानळीतले रक्त २० मिनिटांत गोठले, त्यामुळे रक्त गोठू न देणाऱ्या घोणशीची शक्यता मागे पडली. श्वासाची ताकद पाहायला एका दमात अंक मोजायला लावले तेव्हा तिचा आवाज नवावर तुटला. एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, १० व्हायल (छोट्या बाटल्या) सलाईनमधून द्यायच्या होत्या. त्यातली पावडर विरघळवताना जोरात हलवली तर फेस येतो, म्हणून प्रत्येक व्हायल तळहातांत सावकाश फिरवावी लागते, आणि त्या पहाटे तो सावकाशपणा मला अत्यंत कठीण गेला. पुढे १०८ रुग्णवाहिकेतून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेताना वाटेत हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबावी लागली.

रुग्णाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहावी, हे आम्हाला प्रशिक्षणातच शिकवलेले असते. पुढे मात्र सगळ्यांची दुखणी आम्ही चार ठरावीक शब्दांत बसवतो. ‘पोटदुखी’ हे खोटे नव्हते. कवितेमुळे तिचा जीव वाचला असे मी म्हणणार नाही, कारण डॉक्टर आल्यावर पापण्या त्यांना दिसल्याच असत्या. शिवाय तिला काय होते आहे याच्या आधी मला ओळ मिळाल्याचा आनंद झाला होता, आणि तो क्षणभराचा का असेना, मला अजून टोचतो. वही मात्र आता मी लपवत नाही.

बारा दिवसांनी घरी परतताना ती आमच्याकडे थांबली. मी तिला तिचे वाक्य वाचून दाखवले आणि कवितेत घेऊ का, असे विचारले. तिला त्यातले काहीच आठवत नव्हते.

“घ्या ना,” ती हसून म्हणाली, “पन सरकीचं पोतं लिवा. ते जास्त जड रायते.”