तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्टात ‘फेल्युअर’ लिहिलंय, आता काय?

मी ३१ वर्षं स्टाफ नर्स होते, आता रिटायर होऊन ठाण्यात कोपरीला घरीच असते, त्यामुळे बिल्डिंगमधलं कोणी ना कोणी फाईल घेऊन येतंच आणि प्रश्न ठरलेला, सिस्टर, हे काय लिहिलंय, घाबरण्यासारखं आहे का? गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या तेव्हाच ठरवलं की एकदा नीट लिहून काढायचं.

वहिनींकडे काकांचा टू-डी इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, आणि डिस्चार्ज कार्ड होतं, घड्या घालून घालून मऊ पडलेलं, आणि ‘हार्ट फेल्युअर’खाली कोणीतरी पेनाने दोनदा रेघ मारलेली. आधी दार लोटून घेतलं आणि मग हळूच म्हणाल्या, म्हणजे आता किती दिवस? काका तेव्हा खाली बाकड्यावर पेपर वाचत बसले होते. वहिनींचं काय चुकलं सांगा, आपल्याकडे ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला, लहानपणापासून आपण हेच ऐकलंय. डॉक्टर तोच शब्द वापरतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की शरीराला लागतं तेवढं रक्त हृदयाला नीट पुढे ढकलता येत नाहीये, बंद पडलंय असं नाही. म्हणून पावलं सुजतात, आडवं झालं की दम लागतो, उशीवर उशी घ्यावी लागते. काकांचं महिनाभर हेच चाललं होतं आणि घरात सगळे म्हणत होते वयामुळे होतं.

खाली ईएफ ३५ टक्के लिहिलेलं. मुलगा म्हणाला ३५ म्हणजे पास आहे ना? अहो, हे दहावीचे मार्क नाहीत. हृदयाचा डावा कप्पा भरला की त्यातलं किती रक्त एका ठोक्याला बाहेर जातं त्याचा तो आकडा, धडधाकट माणसाचाही १०० नसतो, ५५ ते ७० च्या आसपास असतो. म्हणून ६० बघून रडायचं नाही आणि ३५ ला पास समजून गोळ्याही सोडायच्या नाहीत. आजार गंभीर आहेच, पण त्यावर औषधं आहेत आणि नियमित घेतली तर बऱ्याच जणांचा हा आकडा वरही येतो.

बाकीचे शब्द पटकन सांगते. निगेटिव्ह म्हणजे जे शोधत होते ते सापडलं नाही, बहुतेक वेळा चांगलंच. ॲक्यूट म्हणजे अचानक सुरू झालेलं, क्रॉनिक म्हणजे बरेच दिवस रेंगाळलेलं, यातला कुठलाच शब्द आजार किती मोठा आहे ते सांगत नाही, साधी सर्दीसुद्धा ॲक्यूटच. शेवटी ‘आयटिस’ आलं की त्या जागी सूज किंवा दाह, टॉन्सिलायटिस, गॅस्ट्रायटिस, तसं. सोनोग्राफीत ‘अनरिमार्केबल’ वाचून एक ताई रात्रभर जागी राहिली, त्याचा अर्थ इतकाच की वेगळं काही दिसलं नाही, नॉर्मल आहे.

आणि चिठ्ठीवरचं एसओएस! लोकांना वाटतं इमर्जन्सीची गोळी, ताबडतोब घ्यायची. ते लॅटिन आहे, अर्थ ‘गरज पडली तर’. तापाच्या गोळीपुढे एसओएस लिहिलंय आणि ताप नसेल तर ती घ्यायचीच नाही. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना. मला मनापासून वाटतं हे प्रत्येक चिठ्ठीवर मराठीत लिहिलेलं असायला हवं, आणि नसेल तर मेडिकलवाल्याला तिथेच उभं राहून विचारा, मागे कितीही लाईन असू दे.

काकांचं पापड-लोणचं बंद झालंय. रोज सकाळी चहाच्या आधी वजन करतात आणि कॅलेंडरच्या चौकोनात लिहितात, कारण तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठत असू शकतं, लगेच डॉक्टरांना कळवायचं. काल वहिनींनी मुद्दाम बोलावून दाखवलं, आठवडाभर ६२ च्या पुढे गेलेलं नाही.