लग्नाविना आईबाप, अमेरिकेतील कायदा आणि मुंबईतील काळजी

मी न्यू जर्सीत राहते. सुट्टीत दादरला घरी आले की ओळखीच्या घरांतून अलीकडे एक प्रश्न दबक्या आवाजात येतो: मुलगा किंवा मुलगी तिकडे लग्न न करता जोडीदाराबरोबर राहते, आता बाळ झाले आहे, तर त्या बाळाचे पुढे काय? काळजी रास्त आहे, पण ती लग्नाच्या दाखल्याभोवतीच फिरत राहते. त्या बाळाचे हक्क अमेरिकेत दुसऱ्याच कागदांवर ठरतात.

पहिला कागद पितृत्वाचा. आईबापांचे लग्न झालेले असेल तर पतीलाच कायदा बाप मानतो. लग्न नसेल तर ते नाते नोंदवावे लागते. त्यासाठी पितृत्व मान्य करण्याचा अर्ज प्रसूतीनंतर रुग्णालयातच मिळतो आणि त्यावर दोघांच्या सह्या लागतात. केलेली सही साधारणपणे 60 दिवसांत मागे घेता येते. त्यानंतर फसवणूक, दबाव किंवा वस्तुस्थितीविषयीची गंभीर चूक न्यायालयात सिद्ध करावी लागते. पोटगी, वारसा, तसेच बापाचा मृत्यू झाल्यास मुलाला मिळणारा सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी सामाजिक विम्याचा, भत्ता या साऱ्याचा पाया हाच कागद असल्यामुळे, तो ‘नंतर बघू’ म्हणून मागे टाकू नये, असे मी प्रत्येक जोडप्याला कळकळीने सांगते.

कराच्या बाबतीत गोंधळ सर्वाधिक होतो. लग्न नसलेल्या जोडप्याला एकत्र विवरणपत्र भरता येत नाही आणि एका वर्षी एक मूल आपल्यावर अवलंबून असल्याचा दावा एकालाच करता येतो. सतरा वर्षांखालील मुलामागे मिळणारी चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे करातून थेट वजा होणारी सवलत, 2025 या करवर्षासाठी कमाल 2,200 डॉलर आहे, त्यामुळे हा निर्णय किरकोळ नाही. दोघे एकाच घरात राहत असतील तर दावा कोणी करायचा हे ते आपसांत ठरवू शकतात. दोघांनीही दावा केला तर वर्षात मूल ज्याच्याकडे अधिक काळ राहिले त्याचा हक्क आधी येतो, आणि तो काळ सारखाच असेल तर ज्याचे उत्पन्न जास्त त्याचा. वेगळे राहणाऱ्यांच्या बाबतीत मुलाच्या रात्री कोणाकडे अधिक गेल्या हे पाहिले जाते. बाप नियमित पोटगी देतो एवढ्यावरून मूल त्याच्या विवरणपत्रात जात नाही. मूल ज्याच्याकडे राहते त्या पालकाने फॉर्म 8332 वर सही केली तर दुसऱ्याला चाइल्ड टॅक्स क्रेडिट घेता येते, मात्र कमी उत्पन्नाच्या कष्टकऱ्यांसाठी 1975 पासून असलेली अर्न्ड इन्कम क्रेडिट आणि ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’चा, म्हणजे घर चालवणाऱ्या अविवाहित करदात्याचा, दर्जा त्या सहीने दुसऱ्याकडे जात नाहीत.

पोटगीवर घेणाऱ्याला कर नाही आणि देणाऱ्याला वजावट नाही. तिची वसुली मात्र कडक आहे: रक्कम बहुधा थेट पगारातून कापली जाते, कराचा परतावा अडवला जातो आणि थकबाकी 2,500 डॉलरच्या वर गेली की अमेरिकन पासपोर्टही नाकारला जातो.

सरकारी मदतीविषयी येथे दोन टोकांचे समज आढळतात: कोणी म्हणते सगळे फुकट मिळते, कोणी म्हणते परक्यांना काहीच नाही. एच-वन-बी व्हिसावरील पालकांना रोख मदत किंवा अन्नसाहाय्य मिळत नाही, आणि ग्रीन कार्ड मिळालेल्या प्रौढांनाही त्यासाठी साधारणपणे 5 वर्षे थांबावे लागते. बाळ अमेरिकन नागरिक असेल तर त्याच्यापुरता अर्ज करता येतो, पण आईबापांचे उत्पन्न विचारात घेतले जाते. अन्नसाहाय्यात एका छताखाली राहणारे आई, बाप आणि त्यांचे मूल हे एकच कुटुंब धरले जाते, लग्न असो वा नसो. रोख मदत घेणाऱ्या आईला पितृत्व ठरवण्यास सहकार्य करावे लागते, पोटगीचा हक्क त्या काळापुरता राज्याकडे द्यावा लागतो, आणि केंद्राच्या निधीतून ही मदत प्रौढाला आयुष्यात 60 महिन्यांपुरतीच मिळते. हिंसेची भीती असलेल्या आईला सहकार्याच्या अटीतून सूट मागता येते. हे तिला कोणीतरी आवर्जून सांगितले पाहिजे.

मुंबईतल्या घरांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. बाप नोकरी सोडून भारतात परतला तर अमेरिकन न्यायालयाचा पोटगीचा आदेश येथे थेट बजावता येत नाही, कारण भारताने त्यासाठी मान्यता दिलेल्या देशांत अमेरिका नाही. त्या आदेशाच्या आधारे येथे नवा दावा लावावा लागतो. त्याखेरीज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144, म्हणजे जुने कलम 125, लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलालाही निर्वाहखर्चाचा हक्क देते, आणि बाप मुंबईत राहत असेल तर तो अर्ज वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात करता येतो. त्या अर्जासोबत रुग्णालयात सही केलेला पितृत्वाचा कागद, जन्मदाखला आणि तिकडच्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडता यावी, म्हणून आईने या तिन्हींचा एक संच मुंबईत विश्वासाच्या माणसाकडे ठेवावा.