हाडं पावसात जास्त मोडतात का?

मी मुलांच्या हाडांचा डॉक्टर आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "पावसापाण्यात पोरं घसरतात, तेव्हा तुमच्याकडे गर्दी असेल ना?"

गर्दी असते ती कोरड्या, स्वच्छ उन्हाच्या दिवसांत. आजीआजोबांचं गणित वेगळं. वाट निसरडी झाली, बर्फ साचला की त्यांची मनगटं आणि खुबे मोडतात. मुलं मात्र पाऊस लागला की घरात कोंडली जातात. घरातही ती पडतात, पण पलंगावरून. झाडावरून किंवा सायकलवरून पडायचं तर बाहेर जावं लागतं! अनेक देशांतल्या नोंदी हेच सांगतात: मुलांची फ्रॅक्चर्स उन्हाळ्यात वाढतात, हिवाळ्यात उतरतात. ऊन फारच तापलं तर मैदानं ओस पडतात, तेव्हा आम्हालाही जरा उसंत.

लांबलेल्या संध्याकाळी येणारं असं मूल दारातच ओळखू येतं. एक हात पोटाशी, दुसऱ्या हातानं तो अलगद तोललेला. एक्स-रेत बहुतेकदा मनगटाच्या जरा वर दुखापत दिसते. मोठ्यांसारखे दोन तुकडे असतीलच असं नाही. कधी हाडाच्या कडेला नुसता बारीक फुगवटा असतो, कधी हाड हिरव्या फांदीसारखं एका बाजूनं तडकून दुसरीकडे वाकलेलं.

"पण उन्हानं तर हाडं बळकट होतात ना?" हो, ड जीवनसत्त्व उन्हामुळेच तयार होतं. हिवाळ्याच्या शेवटी ते सगळ्यात कमी असतं, आणि तरीही तेव्हा फ्रॅक्चर्स कमी! मुलं किती वेळ बाहेर हुंदडली, यावरच सगळं ठरतं. त्यात वाढीचं वय भर घालतं. मुलींत साधारण 11-12, मुलांत 13-14 या वयात हाडं झपाट्यानं लांब होतात, त्यांच्यात खनिजं भरायला मात्र वेळ लागतो.

म्हणून सुट्टीत पोरांना घरात बसवा असं मी सांगणार नाही. उड्या मारूनच हाड भक्कम होतं. त्यापेक्षा झोपाळ्याखाली, चढायच्या शिडीखाली काय आहे ते बघा. काँक्रीट असेल तर दुसरी बाग शोधा, वाळू बरी. उंचीही बघा, दीड मीटरच्या वरून पडलं की धोका बराच वाढतो. आणि स्केट्स घेताना हेल्मेट सगळे आठवणीनं घेतात, मनगटाचे गार्ड मात्र राहून जातात. तेही घ्या, पडताना मूल हातच पुढे करतं.