ठकठक मागून येत होती

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं डिकीत काहीतरी लोळतंय. रस्ता गुळगुळीत असला की गाडी गप्प. खडबडीत पट्टा आला, वेग वीस-तीसच्या आसपास असला, की मागून डावीकडून ठक... ठकठक. मोठा गतिरोधक हळू ओलांडला तर मात्र काहीच नाही. गाडी साधी हॅचबॅक, मागच्या चाकांना ड्रम ब्रेक.

डिकी रिकामी केली. जॅक, पाना, त्रिकोण, जुनी छत्री, सगळं बाहेर. स्टेपनीचा मधला स्क्रू हातानेच अर्धा फेरा फिरला, म्हणून सापडलं बुवा एकदाचं, अशा आनंदात तो आवळला. दुसऱ्या दिवशी ठकठक होतीच.

मग एक गोष्ट लक्षात आली आणि तिनेच पुढचा सगळा घोळ केला. मागे कुणी बसलं असलं की आवाज येत नाही! एकटा असलो, किंवा पुढे दोघेच असलो, की येतो. गॅरेजमध्ये हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं. मेकॅनिकनेही मान डोलावली. मागे वजन आलं की सस्पेन्शन दबतं, सैल झालेले भाग एकमेकांवर दाबून बसतात आणि वाजत नाहीत, असं त्याचं म्हणणं. ऐकायला अगदी चोख. त्याने मागचा बंपर दाबून सोडला. चांगला शॉकअप असेल तर गाडी एकदा वर येऊन स्थिरावते, माझी आणखी एकदा डोलली. खालून पाहिलं तर डाव्या शॉकअपवर तेलाचा ओलसर थर. आता याहून जास्त पुरावा काय हवा? दोन्ही बाजूंचे शॉकअप बदलले. जोडीनेच बदलायचे असतात, नाहीतर दोन चाकं दोन तऱ्हेने वागतात, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

गाडी खरंच नीट बसायला लागली. वळणावर मागची बाजू हलायची ती थांबली. आणि खडबडीत पट्ट्यावर, तिथेच, तसाच आवाज. ठक... ठकठक.

परत गेलो. शॉकअपचा वरचा नट आणि खालचा बोल्ट पुन्हा तपासून घेतला. नवीन शॉकअप नीट आवळलेला नसेल तर तोही असाच वाजतो. खालचा बोल्ट पूर्ण आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना, हे मला तिथे कळलं. चाकं हवेत लोंबकळत असताना आवळला तर आतलं रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. आमचं काम नीट झालं होतं. मग मेकॅनिक म्हणाला, ‘साहेब, आता अॅक्सलचे बुश राहिले.’ बुश म्हणजे अॅक्सलच्या सांध्यातले रबरी तुकडे. पहारीने दाबून पाहिलं तर ते थोडे हलत होते, पण जुन्या गाडीत रबर थोडं हलणारच. मोठं काम होतं. मी म्हटलं, थांबा जरा, दोन आठवडे द्या.

त्या दोन आठवड्यांत मी जे केलं ते खरं तर सुरुवातीलाच करायला हवं होतं. एकच रिकामा खराब पट्टा निवडला, वेग तोच, आणि दर फेरीला फक्त एकच गोष्ट बदलायची. हँडब्रेक एक-दोन खटके ओढून अगदी हळू चालवली: ड्रममधले ब्रेक शू सैल असतील तर ते दाबले जाऊन आवाज थांबतो. थांबला नाही. चाकाच्या गतीबरोबर आवाज वाढतो का पाहिलं. नाही, त्याचा संबंध फक्त खड्ड्यांशी. तेव्हा चाकाचे नट आणि बेअरिंग यांच्यावरचा संशय गेला; बेअरिंग तसंही ठकठक न करता घुमतं. इंजिन गार असताना सायलेन्सर हाताने हलवला, त्याचे रबरी झुले शाबूत होते. मागची स्प्रिंग खालच्या टोकाला तुटते आणि तुकडा तिथेच अडकून राहतो, असं ऐकलं होतं. म्हणून टॉर्च घेऊन खालचा वेढा शेवटपर्यंत पाहिला. गाडी चाकांवर उभी होती, मी बाजूने वाकून बघत होतो. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली डोकं घालणाऱ्यांतला मी नाही. स्प्रिंग अखंड.

फोन रेकॉर्डिंगला लावून डिकीत ठेवला. घरी ऐकलं तर डिकीत बसून कुणी पत्र्याचा डबा वाजवतंय असं वाटलं. काही उपयोग झाला नाही. हॅचबॅकची मागची बाजू म्हणजे एक पोकळ खोकं, कुठेही टिचकी मारा, सगळीकडून ऐकू येते.

शेवटी उत्तर मुलीमुळे मिळालं, आणि तेही तिने मुद्दाम दिलं नाही. ती मागे डावीकडे बसली होती, त्यामुळे अर्थातच शांतता. त्या पट्ट्यावर तिचं पेन खाली पडलं. ती पुढे वाकून पायाशी चाचपडायला लागली आणि मागून ठकठक सुरू. पेन सापडलं, ती मागे टेकली, बंद.

मी गाडी बाजूला घेतली. तिला म्हटलं, ‘परत वाक.’

‘बाबा, पेन सापडलं की!’

‘माहितीये. तरी वाक.’

पुन्हा त्याच पट्ट्यावरून गेलो, चार वेळा तेच. तिचं वजन काही त्या दोन सेकंदांत गाडीतून उतरलं नव्हतं. सस्पेन्शनला ती टेकून बसलीय की वाकून, याचं सोयरसुतक नाही. फरक एकाच ठिकाणी पडत होता: सीटच्या पाठीवरचा दाब. मग दोघांनी मिळून मागची सीट पुढे पाडून आडवी केली आणि त्याच पट्ट्यावरून गेलो. आवाज नाही. म्हणजे डिकी रिकामी करतानाच सीट पाडून बघितली असती, तर?

मागच्या सीटची पाठ वर उभी केली की तिच्या कडेचं कुलूप बॉडीला बसवलेल्या जाड तारेच्या कडीत अडकतं. डावीकडच्या कुलपातलं प्लास्टिकचं अस्तर झिजून फाटलं होतं आणि कडीचा बोल्टही किंचित सैल. सीट बंद दिसायची, पण हाताने धरून हलवली की पाच-सहा मिलिमीटर पुढेमागे होत होती. लोखंडावर लोखंड. कुणी टेकलं की पाठ मागे दाबली जायची आणि गप्प व्हायची.

खात्रीसाठी कडीला कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे दिले. आवाज गायब. तिसरा वेढा दिला तर कुलूप पुरतं बसेना, वरच्या बटणाजवळची लाल खूण दिसायला लागली. तो वेढा लगेच काढला. ही पाठ अपघातात डिकीतलं सामान आपल्या अंगावर येण्यापासून अडवते, अर्धवट बसलेलं कुलूप चालणारच नाही. पुढे नवीन अस्तर मिळालं, कडी जरा मागे सरकवून बोल्ट आवळला, पट्टी काढून टाकली.

मेकॅनिकला सांगितलं तेव्हा तो हसला नाही, त्याने थेट मागचं दार उघडून सीट हलवून बघितली. अॅक्सलचे बुश अजून जुनेच आहेत.

आता गाडी इतकी शांत आहे की ब्रेक लावला की टाकीतलं पेट्रोल डुचमळल्याचं ऐकू येतं. ते पहिल्यापासूनच होत असणार. परवा मुलीने विचारलं, ‘बाबा, मागून कसला आवाज येतोय?’