सुताराचा गोल

आमच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा एक पोरगा आहे. मंगळवारी आणि गुरुवारी साडेचार वाजले की त्याचं अर्धं लक्ष घड्याळात. इंग्लिश फुटबॉलमध्ये सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगपासून खाली मोजत गेलं तर सातव्या पायरीवरच्या एका क्लबात तो मिडफिल्डर आहे. दोन संध्याकाळी सराव, शनिवारी दुपारी तीनला मॅच. मॅच लांब असली तर मिनीबसमध्येच सँडविच. सोमवारी लंगडत येतो आणि विचारलं तर म्हणतो, "ड्रॉ."

चहाच्या सुट्टीत त्याने मला रॉनी रॅडफर्ड या जुन्या फुटबॉलपटूच्या गोलाचा व्हिडिओ दाखवला. इंग्लंडमध्ये पंधरा वर्षं काढून मी तो पाहिला नव्हता, याचंच त्याला जास्त आश्चर्य.

५ फेब्रुवारी १९७२. हेरफर्डचं एडगर स्ट्रीट मैदान. मैदान कसलं, चिखलणी केलेलं खाचर! एफए कपची, म्हणजे लहान-मोठे सगळे क्लब खेळतात त्या बाद फेरीच्या स्पर्धेची, तिसरी फेरी. न्यूकॅसलसारखा पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनचा संघ समोर, आणि हेरफर्ड तेव्हा वरच्या चार डिव्हिजनच्या फुटबॉल लीगमध्येही नव्हता, तिच्याखालच्या सदर्न लीगमध्ये खेळायचा. शेवटची काही मिनिटं उरलेली, न्यूकॅसल १-० ने पुढे. रॅडफर्ड चिखलात झगडून चेंडू काढतो, साथीदार ब्रायन ओवेनला देतो, परत घेतो आणि चांगल्या तीस यार्डांवरून हाणतो. चेंडू थेट वरच्या कोपऱ्यात. मग पार्का, म्हणजे टोपीचे जाड कोट घातलेली पोरं मैदानात घुसतात आणि हिरो त्यांच्यात दिसेनासा होतो.

हा माणूस पेशाने सुतार होता. जन्म यॉर्कशायरचा. लीड्स क्लबात फुटबॉलची उमेदवारी झाली, पण पहिल्या संघापर्यंत गाडी गेली नाही. पुढे चेल्टनहॅम, न्यूपोर्ट काउंटी, हेरफर्ड, नंतर वुस्टर सिटी. आणि गंमत म्हणजे त्या गोलाने मॅच जिंकलीच नव्हती, फक्त बरोबरी झाली होती! जिंकून देणारा गोल जादा वेळेत बदली खेळाडू रिकी जॉर्जने मारला. पुढच्या फेरीत वेस्ट हॅमने हेरफर्डला रिप्लेमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर पुन्हा खेळवलेल्या मॅचमध्ये हरवलं. पण त्याच उन्हाळ्यात मतदान होऊन हेरफर्डला फुटबॉल लीगमध्ये जागा मिळाली, म्हणजे न्यूपोर्टनंतर सुतारबुवा पुन्हा लीगमध्ये खेळले. २०२२ च्या नोव्हेंबरात ते ७९ व्या वर्षी गेले.

आमच्या पोराने मात्र व्हिडिओ मागे नेला आणि फटक्याच्या आधी थांबवला. "इथे बघ. किती दमलाय, तरी टॅकलला गेला." मी चार वेळा पाहिलं. खरंच, पाय चिखलातून उपसत चाललाय गडी.

मी म्हटलं, न्यूकॅसलला पहिली मॅच २-२ सुटली म्हणून तर हेरफर्डात रिप्ले झाला. २०२४ पासून एफए कपच्या पहिल्या फेरीपासून पुढचे रिप्लेच बंद केलेत. आज असतं तर तिथेच जादा वेळ, पेनल्टी, विषय संपला. छोट्या क्लबांच्या तोंडचा घास काढला, असं माझं मत. भरल्या मैदानाचं तिकिटांचं उत्पन्न गेलं ते वेगळंच.

त्याने कप विसळला. "रिप्ले म्हणजे मंगळवारी रात्री दीडला घरी आणि बुधवारी सहाला इथे हजर. तू येतोस का माझी शिफ्ट करायला?"

आणि हातमोजे चढवून फोर्कलिफ्टकडे गेला.