दुपारी चार वाजताचा अंधार

मैदानात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि मागचा ट्रस (लाईट टांगायची आडवी चौकट) वर गेलेला होता. तिथंच माझ्या पोटात गोळा आला. ट्रस छातीच्या उंचीवर असतो तेव्हाच लाईट बघून घ्यायचे असतात. कोणता कुठे तोंड करून टांगलाय, कुठल्या मोडवर आहे, अ‍ॅड्रेस (लाईटचा ओळखनंबर) बरोबर आहे का, सगळं तेव्हाच कळतं. एकदा वर गेल्यावर "जरा खाली घ्या" म्हणणारा माणूस अख्ख्या मैदानाचा वैरी होतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं गाव, जानेवारी महिना, एका संस्थेचा वर्धापनदिन. गाणी, नाच, मध्येमध्ये भाषणं. सात वाजता सुरू करून रात्री दहाला संपवायचं, कारण दहानंतर लाऊडस्पीकर बंद. पुढच्या आठवड्यात हाच कार्यक्रम सांगलीला होता. माझं काम लाईट प्रोग्रॅमिंगचं. पुण्यात घरी बसून चार रात्री सगळा शो लॅपटॉपवर बांधून आणला होता.

चित्र साधं होतं. मागच्या ट्रसवर बारा शार्पी, पुढच्या ट्रसवर आठ स्पॉट. (शार्पी हे एका कंपनीच्या मॉडेलचं नाव, पण आपल्याकडे कुठलाही बीम लाईट शार्पीच, जसं कुठलंही वनस्पती तूप डालडा.) व्हिज्युअलायझरमध्ये, म्हणजे स्टेज आणि लाईट पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, स्टेज काढायचं, ट्रस टांगायचे, त्यावर लाईट बसवायचे आणि कन्सोल, म्हणजे लाईट चालवायचं यंत्र, जोडायचा. कन्सोलवर चाक फिरवलं की पडद्यावरचा किरण फिरतो. तिथला धूर वाऱ्यानं उडत नाही, जनरेटर बंद पडत नाही आणि चहा घेऊन कुणी केबलवर पाय देत नाही. रात्री दोन वाजता हे सगळं फार खरं वाटतं.

सुमारे दोनशे क्यू (बटण दाबलं की येणारी लाईटची एकेक रचना) होते, पण लाईटनी बघायच्या जागा नऊच. त्या नऊ जागांची पॅलेट, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या दिशा, केली होती: "गायिका", "कोरस", "पंखा", "क्रॉस", "पब्लिक" वगैरे. क्यूमध्ये आकडे ठेवायचे नाहीत, फक्त "गायिका या जागेकडे बघ" एवढंच ठेवायचं. मग गावोगावी ही नऊ पॅलेट सुधारली की दोनशे क्यू आपोआप सुधारतात. या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात ते हेच. मी ते एका गाण्यात पाळलं नव्हतं. त्याच्याकडे नंतर येतो.

ट्रस ज्यांच्यावर चढतो त्या टॉवरचे पीस मोजले तर प्रत्येकी एक कमी. दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरचा एकेक तुकडा आलाच नव्हता. रिगिंगच्या, म्हणजे ट्रस उभारणाऱ्या, काकांना विचारलं.

"पीस आला न्हाई त्येला मी काय करू? आठ सांगितलावता, साडेसहावर गेलाय. दीड मीटरनं काय हुतंय वो?"

काय होतंय ते सांगायला त्यांना वेळ नव्हता, पण इथे सांगतो. लाईटला गायिका माहीत नसते, कोन माहीत असतो. आठ मीटरवरून तिच्या खांद्याच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरवर, सगळे बारा किरण एकत्र यावेत असे मी कोन बसवले होते. ट्रस दीड मीटर खाली आला की कोन तेच राहतात आणि आख्खं चित्र दीड मीटर खाली सरकतं. खांद्यावरचा प्रकाश थेट पायात.

दुरुस्ती म्हटली तर सोपी. गायिकेच्या जागी कुणाला तरी उभं करायचं आणि एकेक लाईट त्याच्यावर आणायचा. बारा लाईट, नऊ जागा, झालं. पण उघड्या मैदानात भर दुपारी किरण दिसणार कसा? सूर्य मावळणार सव्वासहाच्या सुमारास, नीट अंधार पावणेसातला, आणि सातला पाहुणे दीपप्रज्वलनाला हजर. मला मिळणार होती पंधरा मिनिटं. त्यातही तुळशीपासून रांगोळीपर्यंत सगळं स्टेजवर येऊन बसलेलं असणार.

म्हणून ठरवलं, अंधार लॅपटॉपमध्ये आहेच, तर मैदान तिकडे न्यायचं.

आमच्या हाताखालच्या पोराला टेप घेऊन ट्रसवर चढवलं. तिथून टेप खाली सोडला. डावीकडे सहा मीटर बावन्न, उजवीकडे सहा मीटर अडतीस. काळी माती, उजव्या टॉवरची बेस प्लेट रुतली होती. ट्रसपासून गायिकेची खूण किती लांब, पहिला लाईट कोपऱ्यापासून कितीवर, प्रत्येक दोन लाईटांमध्ये अंतर किती, सगळं वहीत लिहून घेतलं आणि व्हिज्युअलायझरमधला ट्रस तसाच वाकडा टांगला. "गायिका" पॅलेट लावलं. पडद्यावर बारा किरण त्या चित्रातल्या बाईच्या पायाशी एकत्र आले.

चित्रानं सुद्धा मैदानासारखंच चुकायला हवं होतं, ते आता चुकलं. निदान मला तसं वाटलं.

खरं आहे का ते बघायला एक उद्योग केला. मंडपाच्या लोकांकडे वेल्डिंगची काच होती. ती मागून घेतली, गायिकेच्या खुणेवर उभा राहिलो आणि काचेतून वर लाईटच्या लेन्सकडे बघितलं. किरण बरोबर तुमच्या डोळ्यावर असेल तर लेन्स पूर्ण गोल पेटलेली दिसते. थोडा बाजूला असेल तर चंद्रकोर, आणि नसेल तर काळी. दिवसा किरण दिसत नसला तरी लेन्स दिसते. (उघड्या डोळ्यांनी हे करू नये, डोळे जातील.) उभ्यानं सगळं काळं. गुडघ्यावर बसलो, काळं. शेवटी पोटावर आडवा पडलो, हनुवटी फळ्यांना टेकवली, आणि एक लेन्स लख्ख पेटली.

"काय हुडकतायसा वो?" काका वरून ओरडले.

एक लेन्स पेटली, बारा नाही. मान वळवून मोजलं तर सहा लाईट चक्क मागच्या एलईडी भिंतीकडे तोंड करून उभे होते. केबल तोकड्या होत्या म्हणून कुणीतरी एक आड एक लाईट उलटे टांगले होते. डिस्प्ले एकाचा प्रेक्षकांकडे, पुढच्याचा भिंतीकडे.

इथे मी अर्धा तास वाया घालवला. उलटा टांगलाय म्हणजे १८० अंश फिरवायचा, म्हणून पॅनमध्ये, म्हणजे डोक्याच्या आडव्या फिरण्यात, तेवढी भर घातली. हे डोकं एकूण ५४० अंश फिरतं, म्हणजे एक तृतीयांश प्रवास वाढवायचा. पण दोन लाईटना पुढे तेवढी जागाच उरली नव्हती, त्यांना उलट दिशेनं न्यावं लागलं. व्हिज्युअलायझरमध्ये "गायिका"वरून "पब्लिक"कडे जाताना दहा लाईट शिस्तीत सरकले आणि ते दोघं फुगडी घालत लांबच्या वाटेनं आले. बघून हसू आलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. पॅनला हात कशाला लावायचा? सरळ खाली बघणाऱ्या डोक्याला पुढे झुकवण्याऐवजी मागे झुकवलं की झालं. सहा लाईटांचा टिल्ट, म्हणजे हे झुकणं, पॅचमध्ये (कन्सोलमधल्या लाईटांच्या यादीत) उलटा केला. चित्रातही ते सहा उलटे टांगले. फुगडी थांबली.

मग खरी गंमत सुरू झाली. पडद्याकडे बघत "गायिका" नव्यानं बसवलं. मधल्या लाईटांचा कोन आधी ४३ अंशांच्या आसपास होता, तो पन्नासवर गेला. आता चित्रात बारा किरण खांद्यावर. काच घेऊन खुणेवर उभा राहिलो. आठ लेन्स पेटलेल्या, चार काळ्या. चार, पाच, आठ आणि नऊ नंबर.

काका म्हणाले, क्लॅम्प ढिला असंल. चढले, पान्यानं बघितलं, घट्ट. मी पुढे मागे सरकत त्या चौघांचा किरण शोधला. खुणेच्या पुढे मीटरभरावर सापडला. चौघांचाही जवळपास तेवढ्याच अंतरावर. एक लाईट चुकला तर क्लॅम्पवर संशय घ्यावा, चार एकसारखे चुकले तर नाही. मग त्यांना सरळ खाली बघायला लावलं आणि पोराला काच देऊन एकेकाखाली उभं केलं. बरोबर. पंचवीस अंशांवर नेले, थोडे पुढे गेले. पन्नासवर नेले, आणखी पुढे. कोन वाढेल तशी चूक वाढत होती.

लाईट भाड्यानं देणाऱ्याला फोन लावला. "ते चार होय? ते दुसऱ्याकडून उचलले. सेमच आहेत ओ, सोळा चॅनल."

सोळा चॅनल, म्हणजे एका लाईटला पाठवायचे सोळा आकडे, बरोबर होते. प्रत्येक चॅनलवर काय आहे तेही तेच. फक्त माझ्या चित्रातलं डोकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २५० अंश झुकत होतं आणि हे चार २७०. मी पन्नास मागितले की ते चौपन्न देत होते. आमचं अजून १९८६ सालच्या डीएमएक्सवर, म्हणजे कन्सोलनं लाईटशी बोलायच्या भाषेवर, चालतं. एका तारेत ५१२ चॅनल, आणि बोलणं एकतर्फी. कन्सोल आकडा पाठवतो. लाईट खरंच कुठे बघतोय हे त्याला कुणी परत सांगत नाही. व्हिज्युअलायझरही तोच आकडा ऐकतो आणि आपल्या समजुतीप्रमाणे किरण काढतो. लाईटकडे तो बघत नसतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पडद्यावर इतकं सुंदर दिसत असताना ते आठवत नाही.

चित्रातले चार लाईट बदलून २७० वाले बसवले. लगेच तेही मीटरभर पुढे गेले. आता दोन्हीकडची चूक एक झाली होती. नऊ पॅलेटमध्ये त्या चौघांचा टिल्ट मध्यापासून सातेक टक्के कमी केला. साडेचार वाजता बारा लेन्स पेटल्या. पोरानं काच घेऊन एक फोटो काढायचा प्रयत्न केला, त्यात नुसता हिरवा ठिपका आला.

उरलेल्या आठ जागा मी काचेनं तपासल्या नाहीत. चित्रावर भरवसा ठेवून बसवल्या. पावणेसातला अंधार झाला, धूर सोडला, नऊच्या नऊ पॅलेट झरझर फिरवून बघितली. तीन ठिकाणी हात लावावा लागला, तोही किरकोळ. "पंखा" तर मापून ठेवल्यासारखा बसला. पाहुण्यांची भाषणं लांबली. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं की बोला, अजून बोला. पण आता करायला काही उरलं नव्हतं, म्हणून चहा प्यायलो.

आणि त्या गाण्याचं विसरलो.

तिसऱ्या रात्री दोन वाजता लावणी प्रोग्रॅम करत होतो. सुरुवातीला फक्त मागचे बारा शार्पी, नर्तकीच्या खांद्यावर कडा, चेहरा अंधारात. मग ढोलकीच्या ठेक्यावर पुढचे स्पॉट. "गायिका"ची जागा तिच्यासाठी थोडी डावीकडे हवी होती. नवीन पॅलेट करायचं सोडून चाक फिरवलं आणि तसंच रेकॉर्ड केलं. चौदा क्यूमध्ये नुसते आकडे. आठ मीटरच्या ट्रसचे.

नर्तकी येऊन उभी राहिली, मी बटण दाबलं आणि काळजात धस्स झालं. खांद्यावर काहीच नाही. आठ किरण वरून तिरके येऊन बरोबर तिच्या पायाशी जमले होते. ते चार वेगळे तिच्याही दोन पावलं पुढे स्टेजच्या काठावर सांडले होते. ते मी घाईनं बंद केले. अंधारात नुसते घुंगरू दिसत होते, पितळी, लखलखीत, आणि जरीचा काठ. तिनं पहिला ठेका दिला आणि घुंगरू हलले. मैदानातून शिट्ट्या सुरू झाल्या. ढोलकी येईपर्यंत मी कशालाही हात लावला नाही.

आवरताना संस्थेचे एक सर आले. "घुंगराला काय लाईट पाडलाय हो तुम्ही! लई भारी." मी मान डोलावली. काका शेजारीच केबल गुंडाळत होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "दीड मीटरनं काय हुतंय!"

सांगलीला टॉवर पुरे आठ मीटरचे आले, लाईटही सगळे एका जातीचे, सगळे सरळ टांगलेले. तालमीत लावणी आली आणि किरण ठरल्याप्रमाणे नर्तकीच्या खांद्यावर उतरले. तिनं नाच थांबवला, डोळ्यांवर हात धरून माझ्या टेबलाकडे बघितलं.

"दादा, तो पायावरचा लाईट कुठं गेला?"

चौदाही क्यू उघडले आणि पहिल्यांदाच पॅलेट केलं. नाव दिलं "घुंगरू".